बर्डी मेन रोड : एका जिन्यातले अकरा मीटर

जिन्याखालची | शनिवार, रात्री १०:१२

नागपूरच्या सीताबर्डीत, बर्डी मेन रोडवर आमच्या बाबांची एक खोली आहे. बाबांची म्हणजे भाड्याची. पहिला मजला, मागची बाजू, चौदा बाय अकरा. आजोबांनी १९६१ साली घेतली आणि टायपिंगचे क्लास सुरू केले. सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तसे क्लास आटपले. चार मशीन अजून तिथंच आहेत, रेक्झिनच्या खोळी घालून. बाबा आता ७४ चे आहेत. रोज अकराला जातात, कुलूप काढतात, पेपर वाचतात, साडेबाराला घरी. आम्ही म्हणतो, जाऊ द्या, विरंगुळा आहे.

गेल्या आठवड्यात मालकांकडून बिल्डरचा माणूस घरी आला. मालक म्हणजे तिसरी पिढी, पाच वाटेकरी. 'रक्कम घ्या आणि किल्ली द्या, नाही तर नव्या इमारतीत जागा घ्या,' असं सांगून गेला. बाबा एक शब्द बोलले नाहीत, चहा पाजून रवाना केलं.

म्हणून काल मी कितीतरी वर्षांनी तिथं गेले. रस्त्यावरून इमारत दिसतच नाही, सगळे पत्रे आणि फ्लेक्स. मोबाईल कव्हरच्या दोन दुकानांच्या मधून एक बोळ आत जातो, एका वेळी एकच माणूस मावेल असा. आत जिना. जिन्याखाली काळी पडलेली सागवानी फळी आणि तिच्यावर अकरा मीटर. मीटर नवे आहेत, वीज एसएनडीएल या खासगी कंपनीकडं होती त्या काळात बदललेले, पण फळी जुनीच. प्रत्येकाखाली ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे. उतरवून आणलं ते असं: दुकान रोडसाईड, दुकान (पुढचं खरवडलेलं), रेडिओ, गादी, टायपिंग, फोटो, दातवाले, वकीलसाहेब, लॉज, लॉज वरचा. अकराव्याखाली काहीच नाही.

टायपिंग आमचं. बाकीच्यातलं मी रेडिओ तेवढं पाहिलं आहे, तेही कॅसेटचं दुकान झाल्यावर. कोणाला काही आठवतं का? आणि मुळात ही इमारत बांधली कशासाठी होती?

---

बर्डीकर_जुना | शनिवार, रात्री १०:५०

अरे बाप्पा, त्या बोळातून किती वेळा गेलो असेल! रेडिओवाल्याकडं आधी रेडिओ दुरुस्त व्हायचे. मग कॅसेट भरून द्यायला लागला. आपण गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी साठ मिनिटांची कॅसेट तयार. मग त्याच दुकानात काचेची पेटी बसवली, वर पिवळा बोर्ड, एसटीडी पीसीओ. रात्री ११ नंतर पाव दर लागायचा म्हणून जिन्यात रांग लागत होती. आम्ही पोरं नंबर लावून पायऱ्यांवर बसून राहायचो, माझा भाऊ तेव्हा भिलाईला होता. नंतर सिमकार्ड, रिचार्ज. आता कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास. मालक तोच होता बरं शेवटपर्यंत, माणूस एकच, धंदे पाच. आता त्याचा पोरगा बसतो.

आणि मीटरवर अजून 'रेडिओ' आहे म्हणता? लय भारी.

---

पुण्यात_अडकलेला | शनिवार, रात्री ११:०५

फोटो!! दहावीच्या फॉर्मचा फोटो तिथंच काढला. कंगवा आरशाला सुतळीनं बांधलेला होता. फोटोवाले काका निगेटिव्हवर पेन्सिलनं काहीतरी करायचे, माझ्या पुटकुळ्या गेल्या होत्या.

---

कपाशीचं_बोंड | रविवार, सकाळी ७:३१

'गादी' म्हणजे कापसाच्या दलालाची पेढी. गादी-तक्क्यांचं दुकान समजू नका, आजकालच्या पोरांना तेच वाटतं. पांढरी चादर, लोड, कोपऱ्यात उतरतं मेज घेऊन मुनीम आणि भिंतीवर टेलिफोन. आमचे मामा अशाच एका गादीवर बसायचे, बर्डीवर नव्हे, कॉटन मार्केटकडं. मुंबईचा भाव तारेनं यायचा. तार आली की मुनीम चष्मा कपाळावर चढवायचा आणि सगळे गप्प.

नागपूरचा बाजार कापसानं उभा केला हे आपण विसरलोच आहोत. १८६७ ला रेल्वे आली. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. जवळ कापूस, दाराशी रेल्वे, म्हणून मुंबई सोडून इथं आले. मिल, जिनिंग, दलाल, अडते, त्यांचे वकील, त्यांचे डॉक्टर, असं एकावर एक.

मग १९७२ ला एकाधिकार कापूस खरेदी आली. शेतकऱ्यानं कापूस सरकारलाच द्यायचा, खासगी व्यापाऱ्याला खरेदी बंद. एका हंगामात गाद्या गुंडाळल्या गेल्या. मामांनी पुढं पडद्याच्या कापडाचं दुकान टाकलं. योजना शेतकऱ्यासाठी बरी की वाईट, तो वाद इथं नको. पण तुमच्या त्या मीटरवरच्या गादीत १९७२ नंतर कोण आलं ते शोधा, तिथं काहीतरी सापडेल.

---

जिन्याखालची | रविवार, सकाळी ९:१५

बाबांना विचारलं. गादी गेल्यावर शिलाईवाला आला, शाळेच्या गणवेशांचा. मग कुरियर. आता कॉस्मेटिकचं गोडाऊन आहे, दार उघडलं की नेलपॉलिशचा वास येतो. बाबा म्हणाले, 'गादीवाले शेटजी जाताना आमच्या मशीनवर एक पत्र टाइप करून घेऊन गेले. सहा कार्बन.' कोणाला पत्र होतं ते सांगत नाहीत. धंद्याचा नियम म्हणे, दुसऱ्याचं टाइप केलेलं बोलायचं नाही.

---

संत्राबर्फी | रविवार, सकाळी १०:०२

मीटर आठ, वकीलसाहेब. इमारत तीच का ते सांगता येत नाही, पण एक गोष्ट सांगते. १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी होती, मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशची. हायकोर्ट इथं, सचिवालय इथं. राज्य पुनर्रचना झाली, सचिवालय भोपाळला आणि हायकोर्ट जबलपूरला गेलं. आमचे आजोबा हायकोर्टात कारकून होते, त्यांनाही बिस्तरा बांधावा लागला. आत्या तिकडंच दिली, तिची नातवंडं आता मराठी समजतात पण बोलत नाहीत. इथं खंडपीठ राहिलं, त्यामुळं वकील अगदी संपले नाहीत. पण आजी सांगायची, त्या दिवाळीला बर्डीवर 'जागा देणे आहे'च्या पाट्याच पाट्या होत्या.

१९६१ ला तुमच्या आजोबांना मेन रोडवर खोली परवडली, त्यामागं हेही असेल.

---

चुनाविटा | रविवार, दुपारी १२:२०

स्थापत्यवाला आहे, जुन्या इमारतींच्या रचना तपासणीचं काम करतो. मॅडम, परत गेलात तर छताकडं पाहा. लोखंडी गर्डर आणि दोन गर्डरच्या मध्ये विटांची बुटकी कमान असेल तर तो जॅक आर्चचा मजला. गर्डरच्या अंगावर कारखान्याचं नाव उठावात असतं, रंगाखाली दबलेलं. 'डॉरमन लाँग' असेल तर विलायती माल, बोटीनं मुंबईला, तिथून जीआयपी रेल्वेनं इथं. 'टाटा' असेल तर १९१२ च्या आधीची नाही, जमशेदपूरचं पोलाद त्याच वर्षी निघायला लागलं. (ते पाहायला जमशेटजी नव्हते, १९०४ लाच गेले. सूत मात्र आपल्या इथं काढून गेले.)

कागद मिळत नसला तर गर्डर वाचायचा.

---

वारसाप्रेमी | रविवार, दुपारी १:४४

या सगळ्यातून एकच दिसतं. इतक्या सुंदर इमारतीची आपण धर्मशाळा करून टाकली. पत्रे काढा, गोडाऊन हटवा, मूळ रूपात आणा. खाली एखादं चांगलं कॅफे, वर कलादालन. मुंबईत फोर्टमध्ये होतं, इथं काऊन नाही? शहरात वारसा संवर्धन समिती आहे, त्यांच्याकडं नोंद करायला हवी.

---

सावजी_रस्सा | रविवार, दुपारी १:५८

मूळ रूप म्हणजे कोणतं भौ? गादीचं की दातवाल्याचं?

---

वारसाप्रेमी | रविवार, दुपारी २:१०

बांधलं तेव्हाचं. यात अवघड काय आहे?

---

जिन्याखालची | सोमवार, सायंकाळी ६:४०

गेले होते. चुनाविटा, तुमच्या सांगण्यावरून बाबांच्या पितळी पट्टीनं रंग खरवडला. पहिल्या मजल्याच्या गर्डरवर 'डॉरमन लाँग'. मग लॉजवाल्या पोराला विनवून दुसऱ्या मजल्यावर गेले, तिथं 'टाटा'!

आणि एक पाहिलं. पहिल्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या दगडी आहेत, मधे खोलगट झिजलेल्या. वरच्या लाकडी. इतक्या वर्षांत हे लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. लहानपणी बाबांचा डबा घेऊन त्याच पायऱ्यांवरून रोज जायचे.

---

चुनाविटा | सोमवार, रात्री ८:०५

सुरेख काम केलंत. म्हणजे बहुधा दुसरा मजला मागून चढवला. जुने गर्डर भंगारातून घेऊन वापरायचेही लोक, म्हणून शपथेवर सांगत नाही, पण दगडी आणि लाकडी पायऱ्यांवरून तसंच वाटतं. भिंतीची जाडीही मोजा. खाली दीड हात आणि वर एक हात भरली तर पुरावा पक्का होत जाईल.

वारसाप्रेमी, आता मूळ रूपात आणायचं तर लॉजचा मजला उतरवायचा का? चिडवत नाही, खरंच विचारतो. आमच्या धंद्यात हा प्रश्न रोज येतो. मी तर म्हणतो, आधी छतावरच्या टाक्या उतरवा, दर्शनी भिंतीवरचे एसीपीचे (ॲल्युमिनियमचे) पत्रे काढून भिंतीला श्वास घेऊ द्या, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर मारणं थांबवा. ओल आतच अडकते आणि वीट फुगते. कॅफेचं नंतर बघू.

---

कपाशीचं_बोंड | सोमवार, रात्री ९:१२

सावजीभाऊंनी गमतीत विचारलं, पण मला ते पटलं. एम्प्रेस मिलचं पाहा. एकच धंदा, सव्वाशे वर्षं. सूत थांबलं आणि सगळं एकदम थांबलं. आता तिथं मॉल आहे, नाव तेवढं ठेवलं. आणि ही बोळातली इमारत? गादी गेली तर दातवाला भाडं भरतोय, दातवाला गेला तर लॉज. अकरापैकी दहा कधी एकदम बंद पडलेच नाहीत. वारसाप्रेमींना जी धर्मशाळा दिसते, तिनंच इमारत उभी ठेवली.

---

वारसाप्रेमी | सोमवार, रात्री ९:४०

आणि गळतंय, वायरी लोंबतायत, आग लागली तर एकाच माणसाचा बोळ, हेही तिनंच केलं. तुमचा मुद्दा कळला, पण फार गोड करू नका.

---

कपाशीचं_बोंड | सोमवार, रात्री ९:५१

हे मान्य. बोळाचं तर शंभर टक्के मान्य.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे २:१७

लॉजबद्दल. १९९४ ते ९७ मी तिथं रात्रीचा मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे रजिस्टर, किल्ल्या आणि गरम पाण्याची बादली. वर्षभर अमरावती, वर्धा, गोंदियाचे व्यापारी आणि हायकोर्टात तारीख असलेले पक्षकार. डिसेंबरात अधिवेशन लागलं की भाव दुप्पट. आमदार आमदार निवासात राहायचे, आमच्याकडं त्यांच्या मागं आलेले. गावच्या रस्त्याचं, शाळेच्या अनुदानाचं निवेदन घेऊन आलेले लोक एका खोलीत सहा सहा. निवेदन खाली टायपिंगमध्ये टाइप करायचे. रात्री दहाला पण खालचे सर दार उघडून बसलेले असायचे. तेच तुमचे बाबा असतील. एकदा वाशीमच्या शिक्षकांकडं पैसे कमी पडले, तर सर म्हणाले, मागणी मान्य झाली की द्या.

आले का नाही माहीत नाही!

---

जिन्याखालची | मंगळवार, सकाळी ८:३०

तेच बाबा. नाही आले, असं म्हणाले आणि हसले. तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. गरम पाण्याच्या बादलीचं ऐकून म्हणाले, 'तो होय, बारीकसा, मफलरवाला!'

---

काळाकोट | मंगळवार, दुपारी ३:२५

उशिरा आलो. आठवणी चालू द्या, पण कायद्याचं ऐकून ठेवा, कारण बिल्डरचा माणूस चहा प्यायला परत येणार.

जुन्या काळी आपल्याकडं १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश होता. भाडे नियंत्रकाची परवानगी असल्याशिवाय मालकाला भाडेकरूला साधी नोटीसही देता यायची नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. भाडं वेळेवर भरलं तर काढता येत नाही, भाडं वर्षाला चार टक्के वाढतं. पण कलम १६ मध्ये काही कारणं आहेत, त्यावर जागा रिकामी करून मागता येते. पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला खरोखर गरज आहे, पाडून नवीन बांधायचं आहे, वगैरे. त्यातलं एक असं : ज्या कामासाठी जागा दिली त्या कामासाठी ती दाव्याआधी सलग सहा महिने, सबळ कारण नसताना, वापरली नाही.

आता कळलं का तुमचे बाबा रोज अकराला कुठं जातात?

गंमत पाहा. बाजार धंदा बदलायला लावतो आणि कायदा विचारतो, दिलं होतं त्याच कामाला वापरता ना? बर्डीच्या निम्म्या वरच्या मजल्यांवर म्हणून एक टेबल, एक जुनी पाटी आणि एक म्हातारा असतो. टाइपरायटर विकू नका हं. रिबन आहे का त्यात?

किल्ली देऊन रक्कम घेणं गैर नाही. पागडी म्हणून ज्याला नाकं मुरडतात, तिला याच कायद्याच्या कलम ५६ नं मान्यता दिली आहे. पण कागद नोंदणीकृत करा आणि नव्या इमारतीत जागा घेणार असाल तर चटई क्षेत्र चौरस फुटांत लिहून घ्या, मजला लिहून घ्या. 'जागा देऊ' एवढ्यावर सही करायची नाही.

---

मेट्रोनं_येतो | मंगळवार, दुपारी ४:०२

आणि बिल्डर आत्ताच काऊन आला? मेट्रो. सीताबर्डी इंटरचेंज चालत पाच मिनिटं. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत वाढीव एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) आहे, रस्त्याची रुंदी आणि प्लॉट पाहून चारपर्यंत. तीन मजल्यांच्या जागी किती चढतील हिशोब करा. तुमच्या चौदा बाय अकराची किंमत खोलीत नाही, हवेत आहे.

---

चुनाविटा | मंगळवार, सायंकाळी ५:३०

अजून एक वाट असते ती सांगून ठेवतो. तीस वर्षांवरच्या इमारतीला रचना तपासणी करावी लागते. अहवालात 'सी-१' आलं की रिकामी करून पाडायची. 'सी-२ए' म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, 'सी-२बी' म्हणजे माणसं आत असताना दुरुस्ती. मालकानं आणलेल्या अहवालात 'सी-१' दिसलं तर घाबरून सही करू नका, भाडेकरूंनी स्वतंत्र तपासणी करून घ्या. आणि रिकामी करायची वेळ आलीच तर कोणाकडं किती क्षेत्र होतं त्याची नोंद पालिकेकडून करून घ्या. ती राहिली तर पुढं सगळं तोंडी.

तुम्ही सांगताय त्यावरून ही इमारत 'सी-२बी' वाटते. पाहिल्याशिवाय बोलू नये, रविवारी येऊ का?

---

जिन्याखालची | मंगळवार, रात्री ९:२०

या की. तर्री पोहे माझ्याकडून.

---

चुनाविटा | रविवार, दुपारी २:४८

जाऊन आलो. सरांची भेट झाली. भिंत खाली अठरा इंच, वर चौदा. गर्डरना गंज आहे पण पोट सुटलेलं नाही. संडासाच्या पाईपजवळचा कोपरा मात्र वाईट, तो आधी धरायला हवा. सविस्तर मॅडमना पाठवतो.

अकराव्या मीटरचं कोडं सुटलं. तो जिन्याचा मीटर. मालक आणि भाडेकरूंमध्ये बिल कोणी भरायचं यावर भांडण झालं आणि कनेक्शन कापलं गेलं, असं सर म्हणाले. नवा मीटर फळीवर बसवला खरा, पण पुढं वायरच नाही. मग जिन्यातला बल्ब कशावर चालतो म्हणून वायर धरून वर गेलो. पाचवर येतो. टायपिंगच्या मीटरवर.

---

काळाकोट | रविवार, दुपारी ३:१०

आहाहा. बल्ब किती वॅटचा? आणि दिवसा बंद करतात का?

---

चुनाविटा | रविवार, दुपारी ३:१६

साठचा, पिवळा. बटणच नाही, दिवसरात्र चालू. १.४४ युनिट रोज, महिन्याला ४३ च्या आसपास.

---

काळाकोट | रविवार, दुपारी ३:२२

वापर नाही म्हणून दावा टाकायचा तर समोरचा वकील सगळ्यात आधी वीजबिलं मागवतो. शून्य युनिट दिसले की त्याचं अर्धं काम झालं. जिन्यातला दिवा म्हणजे खोलीचा वापर नव्हे, असला पुरावा कोर्टात टिकणार नाही, मी स्पष्ट सांगतो. पण सरांना हे कोणी शिकवलं?

---

जिन्याखालची | रविवार, रात्री ९:५५

विचारलं. म्हणाले, 'काही नाही गं, लॉजवाले अंधारात पडत होते, म्हणून लावला.' आणि पेपर तोंडासमोर धरला.

मी दुपारीच जिन्यातला तो साठचा काढून नऊ वॅटचा एलईडी लावून आले होते. उजेड जास्त, बिल कमी. संध्याकाळी कौतुकानं सांगायला गेले तर इतके ओरडले, इतके ओरडले, की आई स्वयंपाकघरातून धावत आली. उद्या सकाळी अकराला मला सोबत जायचं आहे, जुना बल्ब परत लावायला.